गोरखापूर्वीचा नेपाळ : बाईसे-चौबिसे राज्यांचा उदय आणि अस्त

नेपाळ हे एकसंध राष्ट्र म्हणून आज ओळखले जात असले, तरी त्याचा नकाशा जेमतेम अडीचशे वर्षांचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भूमीवर पन्नासच्या आसपास स्वतंत्र राज्ये नांदत होती. पश्चिमेकडील कर्णाली नदीच्या खोऱ्यातील राज्यांना 'बाईसे', म्हणजे बावीस, आणि मध्य नेपाळमधील गंडकीच्या खोऱ्यातील राज्यांना 'चौबिसे', म्हणजे चोवीस, असे संबोधले जाई. हे आकडे शब्दशः घेता येत नाहीत. निरनिराळ्या याद्यांतील नावे परस्परांशी जुळत नाहीत आणि राज्यांची संख्याही सतत बदलत राहिली. डोंगरमाथ्यावर एक 'कोट' आणि त्याच्या पायथ्याची काही गावे, एवढाच अनेक राज्यांचा विस्तार होता.

विघटनाची पार्श्वभूमी

बाराव्या ते चौदाव्या शतकात कर्णालीच्या खोऱ्यात खस मल्ल राजांचे विस्तीर्ण साम्राज्य होते. जुमल्याजवळील सिंजा ही त्याची राजधानी. दैलेख भागातील दुल्लू येथे राजा पृथ्वी मल्लाचा १३५७ सालचा शिलास्तंभ आजही उभा आहे. आजच्या नेपाळी भाषेचे मूळ याच सिंजाच्या खोऱ्यात मानले जाते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे साम्राज्य मोडले आणि त्यातून जुमला, डोटी, दुल्लू, जाजरकोट, बझांग अशी राज्ये उभी राहिली.

गंडकीच्या खोऱ्यात पाल्प्याच्या सेन घराण्याची कथाही फारशी वेगळी नाही. सोळाव्या शतकात मुकुंद सेनाने आपली सत्ता पूर्वेकडे दूरवर नेली. परंतु त्याच्या पश्चात राज्य वारसांत वाटले गेले आणि पाल्पा, तनहूँ, मकवानपूर अशा शाखा निर्माण झाल्या. काठमांडूच्या खोऱ्यातही १४८२ मध्ये यक्ष मल्लाच्या मृत्यूनंतर काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन भावकीची राज्ये झाली. भाऊबंदकी हाच या साऱ्या इतिहासाचा समान धागा होता.

छोटी राज्ये, मोठा व्यापार

ही राज्ये लहान असली तरी दरिद्री होतीच असे नाही. तिबेटचे मीठ दक्षिणेकडे आणि डोंगराळ भागातील धान्य उत्तरेकडे नेणारे मार्ग त्यांच्या हद्दीतून जात. पर्वत राज्याला काली गंडकीकाठचा व्यापार आणि तांब्याच्या खाणी यांचे उत्पन्न होते. काठमांडूच्या खोऱ्यातील राजे तिबेटसाठी चांदीची नाणी पाडून देत. पाल्प्यासारखी राज्ये तराईतील सुपीक मुलुखही बाळगून होती. बुटवलच्या मुलुखाबद्दल पाल्प्याचा राजा अवधच्या नवाबाला खंडणी देत असे.

या गर्दीत गोरखा हे एक सामान्य राज्य होते. लमजुंगच्या राजाचा धाकटा मुलगा द्रव्य शाह याने १५५९ मध्ये ते स्थापन केले. परिणामी लमजुंग आणि गोरखा एकाच वंशाचे असूनही पुढील दोन शतके एकमेकांचे वैरी राहिले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राम शाहाने वजनेमापे निश्चित केली आणि सावकारी व्याजाला मर्यादा घातली. न्याय मिळत नसेल तर गोरख्याला जावे, अशी म्हण नेपाळमध्ये रूढ झाली ती त्याच्याच कारभारामुळे.

एकेक करून पाडाव

१७४३ मध्ये गादीवर आलेल्या पृथ्वीनारायण शाहाने शेजाऱ्यांतील हे वैमनस्य अचूक ओळखले. पाठीमागच्या लमजुंगशी सलोखा साधून त्याने १७४४ मध्ये तिबेटच्या मार्गावरील नुवाकोट घेतले. वाट मात्र सोपी नव्हती. १७५७ मध्ये कीर्तिपूरच्या लढाईत त्याचा सेनापती कालू पांडे मारला गेला. तिसऱ्या स्वारीत कीर्तिपूर पडल्यानंतर विजेत्यांनी तेथील लोकांची नाके कापल्याचे त्या काळातील एका कॅपुचिन मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे. १७६८ मध्ये काठमांडू व पाटण आणि १७६९ मध्ये भक्तपूर गोरख्याच्या हाती आले. या तीन राजांना वेळीच एकजूट साधता आली नाही.

१७७५ मध्ये पृथ्वीनारायणाचा मृत्यू झाला, तेव्हा बाईसे-चौबिसे राज्यांचा मोठा भाग अद्याप स्वतंत्र होता. त्याचा धाकटा मुलगा बहादूर शाह याने पाल्प्याच्या महादत्त सेनाची मुलगी करून त्याच्याशी युती केली. या युतीच्या बळावर गुल्मी, अर्घा, खांची ही राज्ये बुडाली आणि लुटीचा वाटा म्हणून पाल्प्याला मिळाली. पुढे पाल्प्याचीही पाळी आली. महादत्ताचा मुलगा पृथ्वीपाल सेन याला काठमांडूत अडकवून ठेवण्यात आले व १८०६ मध्ये ठार करण्यात आले. शेजाऱ्यांच्या विनाशास हातभार लावणारे राज्य अखेर स्वतःही वाचले नाही. पश्चिमेकडील बलाढ्य जुमला तत्पूर्वीच, १७८९ मध्ये, पडले होते.

पाल्पा गेले, तरी बुटवलचा प्रश्न मागे राहिला. अवधने १८०१ मध्ये आपला गोरखपूरकडील प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीला दिला होता. पाल्प्याचा वारस म्हणून गोरख्याने बुटवलवर हक्क सांगितला आणि कंपनीने तो अमान्य केला. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाचे हे एक प्रमुख कारण ठरले. सुगौलीच्या तहाने नेपाळच्या आजच्या सीमा बव्हंशी ठरल्या.

उरलेल्या खुणा

सर्वच राजे नामशेष झाले नाहीत. जाजरकोट, बझांग, मुस्तांग यांसारख्या राज्यांनी मांडलिकत्व पत्करून आपल्या गाद्या टिकवल्या. १९६१ च्या कायद्याने त्यांचे अधिकार संपुष्टात आले. मुस्तांगच्या राजाची मानाची पदवीही २००८ मध्ये राजेशाहीबरोबरच गेली.

पृथ्वीनारायणाने केले ते राष्ट्राचे एकीकरण होते की एका राज्याचा विस्तार, हा वाद नेपाळमध्ये राजेशाहीनंतर अधिक तीव्र झाला. एकीकरण झाले नसते तर ही राज्ये कंपनीने एकामागून एक गिळली असती, असे एक पक्ष मानतो. कीर्तिपूर आणि जुमल्याच्या आठवणी जपणाऱ्यांना हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. २०१५ च्या राज्यघटनेने नेपाळ सात प्रांतांचे संघराज्य झाले. त्यांपैकी दोन प्रांतांची नावे 'कर्णाली' आणि 'गंडकी' अशी आहेत. बाईसे आणि चौबिसे राज्ये याच दोन नद्यांच्या खोऱ्यांत नांदली होती.