व्हेप्र द ला व्हिएर्ज (कृतिक्रमांक 18)

फ्रेंच ऑर्गनवादक व संगीतकार मार्सेल द्युप्रे (1886–1971) यांची एकल ऑर्गनसाठीची पंधरा छोट्या रचनांची माला. मरियामातेच्या सणांना होणाऱ्या सायंप्रार्थनेसाठी ती आहे. लंडनच्या नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेने ती 1920 मध्ये छापली.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचे ऑर्गनवादक लुई व्हिएर्न डोळ्यांच्या उपचारांसाठी स्वित्झर्लंडला गेले होते. त्यांच्या जागी द्युप्रे वाजवत. 15 ऑगस्ट 1919 रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, रोल्स-रॉइसचे संचालक क्लॉड जॉन्सन तिथे हजर होते. हे संगीत कोणाचे, अशी त्यांनी चौकशी केली. ते ऐनवेळी सुचलेले आहे हे कळताच त्यांनी मोबदला देऊन द्युप्रे यांच्याकडून ते लिहवून घेतले. छापील माला म्हणजे त्या दिवशीच्या वादनाची हुबेहूब नक्कल असे मात्र मानू नये. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण नाही, आणि लिहिताना हात आवरला जातोच.

रचनांचा आटोपशीरपणा उपासनेच्या रीतीतून आला आहे. वेदीजवळचे गायक एक कडवे गात. पुढचे कडवे गायचे नाही. त्याच्या जागी दुसऱ्या टोकाचा, दारावरच्या सज्जातला मोठा ऑर्गन वाजे. पहिल्या पाच रचना बायबलमधल्या ‘गीतरत्ना’तल्या वचनांवर, पुढच्या चार ‘आवे मारिस स्टेला’ या स्तोत्रावर आणि शेवटच्या सहा मरियेच्या स्तुतिगीतावर, म्हणजे ‘माग्निफिकात’वर आहेत. मालेचा खरा कस स्तोत्राच्या चार रचनांत लागतो. जुनी ग्रेगोरियन धून तीच राहते, वागणूक दर वेळी निराळी. सातव्या रचनेत ती बाखच्या कोराल-प्रिल्यूडसारखी अलंकारांनी नटून संथ चालते, तर नवव्यात, ‘आमेन’मध्ये, टोकाटाच्या, म्हणजे जलद, झपाटेदार रचनेच्या, धडाक्यात येते. पंधरावी ‘ग्लोरिया’ हीही टोकाटाच आहे.

आराखड्याने ही सिंफनी नव्हे; सिंफनीचा ऐवज आहे तो ध्वनीच्या रंगांत. आरिस्तीद काव्हाये-कोल यांनी 1868 मध्ये नव्याने घडवलेल्या नोत्र-दामच्या ऑर्गनमध्ये वाद्यवृंदाचे रंग होते आणि द्युप्रे यांनी ते जपून खर्चले आहेत. मोठ्या आकाराची त्यांची ‘सेंफोनी-पास्यों’ पुढे 8 डिसेंबर 1921 रोजी फिलाडेल्फियातल्या वॅनामेकर दुकानाच्या ऑर्गनवर अशीच उत्स्फूर्तपणे वाजली. विषय ख्रिस्ताचा, तारीख मात्र पुन्हा मरियेच्याच सणाची.

मैफलीत ही माला बहुधा गायनाविना सलग वाजवतात. त्यात रचनांमधला गायनाचा विसावा हरवतो आणि छोटे तुकडे एकमेकांना खेटून उभे राहतात. मधली कडवी गाऊन केलेले सादरीकरणच ऐकावे.