माहेरी आलेली चिप

बीडच्या बार्शी नाक्यावरच्या एका गॅरेजात अपघातातल्या गाडीचा एअरबॅगचा डबा उघडा पडला होता. आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका बारक्या काळ्या चिपला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मिस्त्री म्हणाले, "धडक बसली ते हिला आधी कळतं." आदल्याच रविवारी मी जुना मोबाइल पुढच्या काचेला चिकटवून मांजरसुंब्याच्या घाटात वळणांचा जी-फोर्स नोंदवून पाहिला होता. घरी येऊन शोधाशोध केली, तर मोबाइलमधली जी-फोर्स मोजणारी चिप याच कुळातली निघाली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्याचा अशा नोंदींसाठीचा स्वस्त संच म्हणजे मोबाइल, जीपीएस आणि ओबीडी सॉकेटात खोचायचं ब्लूटूथ अडॅप्टर. जीपीएसची गोष्ट एका ओळीची आहे: 1 मे 2000 रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. पण ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते आणि बऱ्याच मोबाइलचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो. मधल्या 28 मीटरांत ब्रेक नेमका कुठे लागला, हे सांगते ती चिप. म्हणून माझ्या लेखी संचाचा जीव तिच्यात आहे.

तिच्या आधी एअरबॅगसाठी गोळी होती. 1960च्या दशकाच्या अखेरीस ॲलन ब्रीड यांनी नळीत पोलादी गोळी ठेवली आणि ती चुंबकाने धरून ठेवली. धडक बसली की गोळी चुंबकापासून सुटायची, पुढे जाऊन सर्किट जोडायची. गोळीला 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगता यायचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल50 आली आणि 'किती' हेही कळू लागलं. सिलिकॉनचं सूक्ष्म वजन नाजूक कमानींवर टांगलेलं, त्याला फणीसारखे दात. धक्क्याने वजन सरकलं की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते, आणि त्यावरून आकडा मिळतो. मोजणारी चिप आणि ती गाडीत परवडेल अशी, हे इथे जमलं.

यावर गेमवाल्यांचा वेगळा दावा आहे. त्यांच्या मते ही चिप घराघरांत नेली ती 2006च्या निंटेंडो वीच्या रिमोटने, आणि पुढच्या वर्षी आयफोनने. लॅपटॉपवाले त्याहून मागे जातात: 2003 पासून आयबीएमच्या थिंकपॅडमध्ये पडताना हार्डडिस्क वाचवायला अशीच चिप होती. दोघांचं म्हणणं खरं आहे, पण ते सासरचं. माहेर मोटारीचंच. अमेरिकेत कायद्याने एअरबॅग सक्तीच्या होत गेल्या, तेव्हा असल्या चिपा मोठ्या संख्येने बनवायचा सराव कारखान्यांना झाला. तो नसता तर खेळण्यात घालण्याइतकी ती स्वस्त झाली नसती, असं मी ठामपणे म्हणतो.

माझ्या म्हणण्यात एक कच्चा दुवा आहे. एडीएक्सएल50 पन्नास जीपर्यंत मोजायची, वीच्या रिमोटमधली जेमतेम तीन. आयफोनमधली तर दुसऱ्याच कंपनीची होती. तेव्हा ही सख्खी वंशावळ नव्हे. पण टांगलेलं वजन, फणीचे दात आणि बदलणारी धारिता ही घडण दोन्हीकडे तीच आहे, आणि कूळ ठरवताना मी घडणच मोठी मानतो.

घाटातला माझा आलेख करवतीसारखा आला होता. काचेवरचा व्हॅक्यूम होल्डर थरथरत होता आणि चिप त्याची थरथर इमानाने मोजत होती. मिस्त्रींना विचारलं, तर त्यांनी दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर हात ठेवला. तिथला पत्रा ताठ, शिवाय जागा गाडीच्या मध्याजवळची. चित्रासाठी दुसरा मोबाइल काचेवर ठेवला आणि नोंदीचा मोबाइल हँडब्रेकपुढे पट्टीने घट्ट आवळला. पुढच्या फेरीत रेघ स्वच्छ आली. मिस्त्रींनी मग कन्सोलचं झाकण काढून दाखवलं. मोबाइलच्या बरोबर खाली, त्याच उंचवट्यावर, चार बोल्टांनी कसलेला एअरबॅगचा डबा होता.