हवामान सल्ला सेवा, नंदुरबार जिल्ह्यातील
हवामानाची निरीक्षणे व अंदाज यांवरून शेतीविषयक निर्णयांस उपयोगी पडतील अशा सूचना तयार करून त्या शेतकऱ्यांपर्यंत व प्रशासनापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था. उत्तरेचा सातपुड्याचा डोंगराळ प्रदेश, मध्यभागातील तापीचे सुपीक खोरे व नवापूरकडील अधिक पावसाचा भाग असे भिन्न विभाग या जिल्ह्यात एकत्र आले आहेत. त्यामुळे सबंध जिल्ह्याचा एकच अंदाज येथे पुष्कळदा अपुरा पडतो.

भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवृष्टीच्या आधारे १८८६ मध्ये मॉन्सूनचा पहिला अधिकृत ऋतुकालीन अंदाज प्रसिद्ध केला. तो हिंदुस्थान व ब्रह्मदेश एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचा होता. दुष्काळाची तजवीज करणाऱ्या शासनास त्याचा उपयोग होता. पेरणी केव्हा करावी, हे मात्र त्यावरून ठरविता येत नसे. शाही कृषी आयोगाच्या (१९२८) शिफारशीनुसार १९३२ मध्ये पुणे येथे ल. अ. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषिहवामान शाखा सुरू झाली. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्रे प्रसारित होऊ लागली व १९७६ पासून राज्यांच्या सहकार्याने कृषी सल्ल्याची जोड मिळाली.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २००८ पासून देशात जिल्हावार सल्ला सेवा सुरू झाली. पुढील पाच दिवसांच्या अंदाजावर आधारलेली पत्रके मंगळवारी व शुक्रवारी निघू लागली. पेरणी, फवारणी व काढणी यांच्या वेळा ठरविण्यास ती उपयुक्त ठरतात. नंदुरबारच्या मिरची व्यवसायास तर अशी सूचना विशेष महत्त्वाची आहे. येथे लाल मिरची उघड्या पथाऱ्यांवर वाळवितात. अवकाळी पावसाची सूचना एक दिवस आधी मिळाल्यास माल गोळा करून झाकता येतो. उशिरा मिळालेल्या अचूक अंदाजाचाही काही उपयोग होत नाही.

तालुका पातळीवर सल्ला देण्याच्या हेतूने २०१८ पासून देशातील १९९ कृषिविज्ञान केंद्रांत जिल्हा कृषिहवामान केंद्रे उघडण्यात आली. नंदुरबारचा त्यांत समावेश होता. ही केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पातील स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद घेतात. पीक विम्याचे दावे ठरविण्यास या नोंदी साहाय्यभूत होतात. परंतु त्या घडून गेलेल्या हवामानाच्या असतात. त्यांवरून पुढे काय करावे, हे सांगण्यास स्थानिक पिके जाणणारा तज्ज्ञ लागतो. भिल्ल, पावरा, मावची व अहिराणी भाषक शेतकऱ्यांच्या या जिल्ह्यात प्रमाण मराठीतील लेखी संदेश सर्वांनाच सारखा उपयोगी पडत नाही. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांपर्यंत भ्रमणध्वनीची सेवा पोहोचण्यातही अडचणी येतात. म्हणून अंदाज अचूक असणे जेवढे आवश्यक, तेवढेच तो शेतकऱ्यास समजेल अशा भाषेत व वेळेवर सांगणारा मनुष्य गावाजवळ असणेही आवश्यक ठरते.