पीळ: नेटवर्किंग शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात केबलला जॅक लावायला शिकवतात. आठ बारीक वायरी, एक क्रिंपिंग टूल आणि एक टेस्टर. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन दिवसांत हा क्रम पोरांच्या तोंडी बसतो, आणि जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतेच, "सर, हिरव्या जोडीच्या मधे ही निळी कशाला घुसवायची? जोडीला जोडी सरळ लावली तर?"

मी म्हणतो, लावून बघ. तो दोन्ही टोकांना सारख्याच सरळ क्रमाने वायरी लावतो. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसतो. मग तशीच चाळीस-पन्नास मीटरची केबल दोन संगणकांत लावून मोठी फाइल पाठवायला सांगतो. फाइल रखडते, लिंक जाते-येते, हसू मावळते.

कारण साधे आहे, पण पाठांतरातून ते कळत नाही. संदेश एकट्या तारेतून जात नाही, जोडीतून जातो. दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो; पलीकडचे यंत्र दोघींमधला फरक वाचते, म्हणून तो गोंगाट वजा होऊन जातो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१मध्ये तिचे पेटंट घेतले होते. आपल्या जॅकमध्ये तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी धरलेली आहे. मधल्या दोन, चौथी आणि पाचवी, टेलिफोनच्या लाइनसाठी राखल्या गेल्या, म्हणून हिरव्या जोडीला पाय फाकून उभे राहावे लागते. सरळ क्रम लावणाऱ्याने तिसऱ्या पिनेला एका जोडीतली तार दिली आणि सहाव्या पिनेला दुसऱ्या जोडीतली. दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. टेस्टर बिचारा तार अखंड आहे का एवढेच पाहतो; ती कोणाशी पिळली आहे हे त्याला दिसत नाही.

'चालते' आणि 'बरोबर आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्किंगचा कोर्स म्हणजे माझ्या मते या दोहोंतला फरक ओळखण्याची तालीम. बाकीचे, म्हणजे राउटरचे मॉडेल, कमांड, परीक्षेचा अभ्यासक्रम, हे सारे बदलत राहते.

हे पुस्तक अशा कोर्सच्या सोबतीने वाचायचे आहे. वाचणारा डिप्लोमाचा असेल, बी.एस्सी.चा असेल किंवा कॉमर्स करून या वाटेला आलेला असेल, फरक पडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला इंग्रजीचा धाक वाटतो. तो दोन आठवड्यांत जातो, कारण राउटरशी बोलायला शेक्सपिअर लागत नाही, मोजके शब्द लागतात आणि ते अचूक लागतात. समजून घेण्याची भाषा मात्र आपली असावी, या हट्टापायी हे लिहिले. पारिभाषिक शब्द मी बदललेले नाहीत. राउटर, स्विच, पॅकेट, सबनेट हे आता मराठीच शब्द आहेत. (पॅकेट सर्वांच्या मते 'ते', पोर्ट 'तो' की 'ते' यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही.)

या विषयाच्या वर्गात मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण हमखास येते. मीही ते वर्षानुवर्षे देत आलो. डबा म्हणजे पॅकेट, डब्यावरच्या खुणा म्हणजे पत्ता, डबे वाटून घेण्याचे स्टेशन म्हणजे राउटर. उदाहरण गोड आहे आणि अर्धेच खरे आहे. डबेवाला डबा पोहोचवण्याची जबाबदारी घेतो. आयपी, म्हणजे पॅकेट पत्त्यानुसार पुढे धाडण्याची इंटरनेटची रीत, अशी कसलीही जबाबदारी घेत नाही. पॅकेट वाटेत टाकून दिले जाईल, तेच दोनदा येईल, मागून निघालेले आधी पोहोचेल. राउटरला त्याचे सोयरसुतक नाही. हरवलेले ओळखणे, ते पुन्हा पाठवणे, क्रम लावणे हे काम दोन टोकांच्या संगणकांनी, म्हणजे तिथल्या टीसीपीने करायचे. वाटेतल्यांनी फार शहाणपणा करायचा नाही, हा विचार फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी 'सिक्लाद' या जाळ्यात राबवला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४मधल्या निबंधात वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची रीत मांडली. पुढे तिचेच टीसीपी आणि आयपी असे दोन भाग झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतले आर्पानेट हे जाळे या नव्या रीतीवर आले.

असे बेफिकीर जाळे टिकले कसे, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला पाहिजे. ते बेफिकीर आहे म्हणूनच वाढले, असे माझे उत्तर आहे. वाटेतल्या राउटरला कोणत्याही संभाषणाची आठवण ठेवावी लागत नाही. त्यामुळे एक बंद पडला तर दुसऱ्या वाटेने जाता येते, आणि उद्या टोकाला काही नवेच आले, व्हिडिओ कॉल म्हणा किंवा पैसे पाठवणे म्हणा, तरी मधल्या कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडची सुरुवातही सांगायला हवी. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन 'एर्नेट' सुरू केले. त्यात मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) होते, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती आणि पाच आयआयटी होत्या. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. एर्नेटवर एक काळ दोन घराणी शेजारी नांदत होती, टीसीपी-आयपी आणि ओएसआय. ओएसआयच्या मागे आंतरराष्ट्रीय मानक संस्था उभी होती. १९८४मध्ये तिने सात थरांचा प्रसिद्ध आराखडा मानक म्हणून जाहीर केला. घराणे हरले. एर्नेटवरचीही जवळजवळ सगळी ये-जा पुढे टीसीपी-आयपीवरच गेली. सात थर मात्र वर्गात उरले.

ते उगाच उरलेले नाहीत. "सर, नेट चालत नाही" या वाक्याला काहीच अर्थ नसतो, आणि त्याला अर्थ देण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे थर. दिवा लागला आहे का? स्वतःला पत्ता मिळाला आहे का? गेटवे पिंगला उत्तर देतो का? बाहेरचा आकडी पत्ता उत्तर देतो का? आकड्याने चालते आणि नावाने चालत नाही, असे आहे का? पाच प्रश्नांत बिघाडाला कोपऱ्यात गाठता येते. पिंग हा चिमुकला प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. गंमत अशी की पिंगला उत्तर आले नाही म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. कोणी फायरवॉलने त्याचे तोंड बांधले असेल. पुन्हा तेच, 'चालते' आणि 'बरोबर आहे'.

मुले गळतात ती सबनेटिंगला. वास्तविक ही निव्वळ वाटणी आहे. १९२.१६८.१०.० हा २५६ पत्त्यांचा तुकडा घ्या. निम्मा केला की १२८, पुन्हा निम्मा की ६४. असे ६४चे चार तुकडे पडतात. सुरुवात ०, ६४, १२८ आणि १९२ला. मग १९२.१६८.१०.७० हे यंत्र दुसऱ्या वाट्यात आले, कारण तो वाटा ६४पासून १२७पर्यंत आहे. आता शेताची वाटणी आठवा. जितके वाटे, तितके बांध, आणि बांध जमीन खातो. इथेही प्रत्येक वाट्यातला पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा, म्हणजे ब्रॉडकास्टचा. ते कोणत्याही यंत्राला देता येत नाहीत. ६४च्या वाट्यात ६२ पिकाऊ. वाटणी करत करत ४वर आलात तर निम्मी जमीन बांधातच गेली. सातारा-सांगलीकडच्या पोरांना हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. शहरातल्यांना आधी बांध म्हणजे काय ते समजावावे लागते.

संपूर्ण आयपी व्हर्जन चारचे शेत तरी केवढे? ३२ बिटांचे, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे तुकडे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. व्हर्जन सहाचे प्रकरण म्हणूनच या पुस्तकात परिशिष्टात टाकलेले नाही, मधोमध आहे.

आता थोडे माझ्याबद्दल, कारण चुकांचे प्रकरण मी अधिकाराने लिहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयाच्या स्विचवर मला एक नवा व्हीलॅन, म्हणजे जाळ्याचा वेगळा काढलेला वाटा, ट्रंकवरून, म्हणजे स्विचमधल्या सामायिक वाटेवरून, सोडायचा होता. सिस्कोच्या स्विचवर परवानगीच्या यादीत भर घालताना 'ॲड' हा शब्द लिहावा लागतो. मी तो विसरलो. स्विचने आज्ञा शब्दशः पाळली: यादीत भर घातली नाही, आधीची यादी पुसून एकच व्हीलॅन ठेवला. क्षणात तीन मजले बंद, आणि मी ज्या वाटेने स्विचवर पोहोचलो होतो तीही बंद. कन्सोल केबल घेऊन जिना चढताना भेटणाऱ्यांची तोंडे अजून आठवतात. दूरवरून बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवावे, म्हणजे आपणच बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी यंत्र जुन्या, जतन केलेल्या स्थितीत आपोआप परत येते, हे त्या दिवशी एका वरिष्ठांनी शिकवले. एक शब्दही न रागावता शिकवले, म्हणून जास्त लागले.

मोठ्यांच्या घरीही हेच घडते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जवळजवळ सहा तास जगभर बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांची अंतर्गत महामार्गिका तुटली. ती तुटल्यावर त्यांच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या, म्हणजे डीएनएसच्या, यंत्रांनी आपल्या वाटा जगाला सांगणे थांबवले. आणि दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर असल्यामुळे माणसांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. माझा जिना आणि त्यांचा जिना एकच, मजले तेवढे वेगळे.

कोर्स निवडताना काय पाहावे? फी आणि 'शंभर टक्के नोकरी'चा फलक शेवटी पाहा. आधी लॅब पाहा. एका राउटरमागे किती विद्यार्थी, वर्ग सुटल्यावर लॅब उघडी असते का, आणि शिकवणारा मुद्दाम बिघाड करून देतो का, हे विचारा. पॅकेट ट्रेसरसारखे सॉफ्टवेअर घरी सरावाला उत्तम आहे आणि मी त्याचा पुरस्कर्ता आहे, पण त्यात पंख्यात धूळ जात नाही आणि जॅक सैल होत नाही. सिस्कोचे सीसीएनए हे प्रमाणपत्र १९९८पासून आहे. सध्याची परीक्षा १२० मिनिटांची आहे आणि प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते. ते जरूर घ्या. पहिल्या नोकरीचे दार त्याने किलकिले होते. मुलाखतीत दाराच्या आत पाय ठेवणे तुमच्यावर. मात्र बाजारात 'डम्प' नावाने फिरणारी फुटलेली प्रश्नोत्तरे पाठ करून ते मिळवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. आठही दिवे लागलेले असतात आणि पहिल्या खऱ्या फाइलला केबल रखडते.

पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीची असेल, स्क्रीनवरचे इशारे पाहत बसण्याची. तिला कमी लेखू नका. बिघाड वाचायला इतका निवांत वेळ पुढे मिळणार नाही. एक वही ठेवा. काय बंद होते, मला काय वाटले, प्रत्यक्षात काय निघाले, असे तीन रकाने आखा. मधला रकाना लाज न बाळगता भरा.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी एक काम. नेटवर्कच्या केबलचा वीतभर तुकडा मिळवा, वरचे आवरण सोला आणि चारही जोड्यांचे पीळ मोजा. चार जोड्यांचे आकडे वेगवेगळे येतील. ते तसे का, हे पहिल्या प्रकरणात सांगितले आहे, पण मोजणी आधी करा.