एका शब्दाआड दोन विकार: मोटारसायकलच्या थरथरीचा इतिहास

नागपूर–हैदराबाद महामार्ग वर्धा नदी ओलांडून वडकीपाशी यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे मागे टाकीत पैनगंगेपाशी जिल्ह्याचा निरोप घेतो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. तो दुपदरी होता तोवर मोटारसायकलची कसोटी खड्ड्यांची होती. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर उंचसखल होई आणि काटा साठाच्या पुढे नेण्याचे धाडस कोणी सहसा करीत नसे. चौपदरीकरणानंतर कसोटी वेगाची झाली. साठाच्या आत जो दोष उभ्या आयुष्यात दिसला नसता, तो नव्वदीच्या पुढे एकाएकी हँडलात उतरतो. रस्त्याने गाडी बिघडवली नाही, आधीपासूनचा बिघाड उघड केला, एवढेच.

गॅरेजमध्ये ही तक्रार एका शब्दात मांडली जाते: गाडी 'वॉबल' मारते. शब्द एक असला तरी विकार दोन आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला बळ देते, हे कळायला यंत्रविद्येला जवळपास पाऊणशे वर्षे लागली. भाषेच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे पाहावे ते याचसाठी. येथे नाव चुकले की निदान चुकते, आणि निदान चुकले तर माणूस रस्त्यावर पडतो.

पहिल्या विकाराला आपण थरथर म्हणू. तीत फक्त पुढचा भाग, म्हणजे चाक, फोर्क आणि हँडल, आपल्या आसाभोवती सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा डावी-उजवीकडे झटकतो. रुग्णालयातील स्ट्रेचर ओढताना त्याचे एखादे छोटे चाक वेड्यासारखे फडफडू लागते, तेच हे. दुसऱ्याला हेलकावा म्हणू. त्यात सबंध गाडी सापासारखी वळवळते, झुकते आणि सावरते, पण सेकंदाला दोन ते चार वेळाच. मागचे चाक पंक्चर झाले की काय, असे चालवणाऱ्याला वाटते. थरथर बहुधा मध्यम वेगात डोके वर काढते, तर हेलकावा वेगाबरोबर वाढत जातो.

केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपलने १८९९ मध्ये सायकलच्या स्थैर्याची समीकरणे मांडली. विशिष्ट वेगमर्यादेत सायकल स्वारावाचूनही तोल सावरू शकते, हे त्यातून दिसते. त्याच्या गणितात हेलकावा होता, थरथर मात्र नव्हती. कारण साधे आहे. त्याची चाके कागदावरची, पात्यासारख्या कडेची आणि बाजूला तसूभरही न सरकणारी होती. खरा टायर रबराचा असतो. हँडल वळले तरी टायरची आडवी पकड तत्क्षणी तयार होत नाही. चाक थोडे पुढे गेल्यावर ती येते. या उशिरातच थरथरीचे मूळ आहे. चाक सरळ करणारे बल दर वेळी किंचित उशिरा पोचते, चाक मध्य ओलांडून पलीकडे जाते आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

कारागिरांनी मात्र समीकरणांची वाट पाहिली नाही. जुन्या ब्रिटिश आणि झेक घडणीच्या गाड्यांवर हँडलच्या ऐन मध्यभागी एक गुंडी असे. ती पिळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि हँडल जड होई. म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेल्या जावा गाड्यांमुळे हा प्रकार आपल्याकडेही परिचयाचा झाला. गावात गुंडी सैल ठेवावी आणि मोकळा रस्ता लागला की आवळावी, असा हा सोपा उपचार होता. थरथरीवर तो लागूही पडे. त्यातून एक समज रुजला की हँडल जितके घट्ट तितकी गाडी सुरक्षित.

या समजाला धक्का दिला तो रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्याने, १९७१ मध्ये. त्याने टायरचे आडवे सरकणे आणि ती दिरंगाई गणितात आणली, तेव्हा थरथर आणि हेलकावा कागदावर वेगळे झाले. त्याच मांडणीतून एक अडचणीची गोष्टही निघाली: हँडलवरचा रोध वाढवला की थरथर शमते, परंतु मोठ्या वेगात हेलकावा अधिक बळावतो. म्हणजे हेलकाव्याने घाबरून गुंडी आवळणारा माणूस संकट वाढवीत होता. हँडल जिवाच्या आकांताने धरणाराही थोडेफार तेच करतो. भीतीने मूठ आवळते हे स्वाभाविकच आहे, पण यंत्राला ते मानवत नाही.

आपल्याकडे या ज्ञानाची निकड उशिरा भासली. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० सारख्या शंभर सीसीच्या गाड्या पेट्रोल वाचवण्यासाठी होत्या. त्यांचा वेगच बेताचा. नदीपलीकडच्या वर्ध्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या बजाज घराण्याच्या पुण्यातील कारखान्याने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली आणि शंभरी ओलांडणे तालुक्याच्या ठिकाणच्या तरुणाच्याही आवाक्यात आले. गाडी बदलली, रस्ता बदलला. ओझे वाहण्याची रीत तीच राहिली. दुधाच्या कॅन, खताचे कट्टे, फवारणीचा पंप हे सारे मागच्या आसाच्याही मागे लटकते. मागचा भार वाढला की पुढचे चाक हलके होते, आणि हेलकाव्याला याहून अनुकूल स्थिती नाही. हा दोष कारखान्यातून येत नाही. तो रोज सकाळी दोरीने बांधला जातो.

म्हणून उपचाराचा क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही टायरांतील हवा आणि टायरची झीज पाहावी. बराचसा त्रास येथेच संपतो. मग रिम सरळ फिरते का, आरे सैल आहेत का, हे बघावे. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवल्यावर 'टक' असा आवाज आला तर कोनसेट सैल आहे. हँडल मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडकले तर छर्‍यांनी वाट्यांत खळगे पाडले आहेत. तेथे आवळून भागत नाही, कोनसेट बदलावाच लागतो. जास्त आवळलेला कोनसेटही वाईटच, कारण मग गाडी सरळ रेषेत स्थिर राहत नाही. गाडी हेलकावत असेल तर हँडल सोडून मागे यावे आणि चिमट्याच्या बुशांत ढिलाई आहे का ते तपासावे. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या न ठेवल्याने तिरपे बसलेले चाक हाही नेहमीचा गुन्हेगार, आणि बहुधा सर्वांत शेवटी सापडणारा. धावत्या गाडीत थरथर सुरूच झाली तर जोरात ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा, गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग पुढे झुकवावे आणि मनगटे सैल ठेवावीत. वाचायला सोपे आहे; करताना अवघड जाते.

पुढचा टप्पा यंत्रांनी गाठला. होंडाने २००४ च्या सीबीआर १००० आरआर या गाडीत वेग आणि प्रवेग पाहून स्वतःच कमीजास्त होणारा इलेक्ट्रॉनिक रोधक बसवला. २००६ मध्ये शार्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'इनर्टर' नावाच्या घटकाला स्प्रिंग आणि रोधक यांची जोड देऊन थरथर आणि हेलकावा या दोहोंना एकदम आवर घालता येईल अशी रचना सुचवली. पांढरकवड्याच्या रस्त्यावर दूध नेणाऱ्या गाडीत यांपैकी काही नसते. तिच्या कॅन मात्र हातभर पुढे आणि शक्य तितक्या खाली, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने बांधता येतात.