गिरगावात न पोहोचलेला शोधखेळ

पडद्यावर एकही चित्र नसलेले, केवळ मजकुरातून खोली, जिना किंवा वाट यांचे वर्णन करणारे आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेला जा', 'पत्र वाच' अशा आज्ञा टंकून पुढे सरकावे, अशा रचनेचे संगणकीय खेळ अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले आणि 'टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचा आरंभ विल क्राउदर या आज्ञावलीकाराने केला. केंटकीतील मॅमथ गुहेत भ्रमंती केलेल्या क्राउदरने घटस्फोटानंतर आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर बेतलेला खेळ पीडीपी-१० या संगणकावर रचला आणि १९७७ साली डॉन वुड्सने त्याचा विस्तार केला. पुढे १९७९ साली स्थापन झालेल्या इन्फोकॉम या कंपनीने या प्रकाराला गुहेतून बाहेर काढून कथेकडे वळवले. तिच्या 'डेडलाइन' (१९८२) या खेळात खेळणारा खुनाचा तपास करतो, तर एमी ब्रिग्जच्या 'प्लंडर्ड हार्ट्स' (१९८७) मध्ये वडील आजारी असल्याचे कळल्याने निघालेली नायिका प्रत्यक्षात कैदेत पडलेल्या पित्यापर्यंत पोहोचण्याची धडपड करते. बेपत्ता नातलगाचा शोध या प्रकाराला विशेष मानवला, कारण शोध म्हणजे ठिकाणांची साखळी आणि अशी साखळी मांडणे हेच या खेळाचे मूळ तंत्र होय.

या तंत्राला लागणारी सामग्री मध्य मुंबईत विपुल होती. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत भरती होण्यासाठी आलेला माणूस परळ-लालबागच्या चाळीत बहुधा आपल्याच गावच्या मंडळींच्या सामाईक खोलीत राही, जेवायला खाणावळीत जाई आणि पाळी बदलली की त्याची अंथरुणाची जागा दुसरा घेई. त्यामुळे गावी पत्र येणे थांबले आणि नातलग चौकशीला आला, तर त्याला गावच्या खोलीपासून खाणावळीकडे, तेथून गिरणीच्या दरवाजाशी, मग जॉबरकडे, म्हणजे कामगारांची भरती व देखरेख करणाऱ्या मुकादमाकडे, आणि अखेरीस पोलीस चौकीत किंवा १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात जावे लागे. प्रत्येक ठिकाणी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला तरच पुढचा पत्ता हाती येई. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा या चौकशीला केवढे भीषण रूप आले असेल, हे निराळे सांगायला नको.

शोधाच्या कथेची भूकही येथे होतीच आणि ती रहस्यकथेने भागवली. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे खाजगी वाचनालयांतून अल्प वर्गणीत घरोघर पोहोचली. या कथांना साहित्याच्या पंक्तीत बसवण्यास समीक्षक नाखूश राहिले. वाचक घडवण्याचे त्यांचे काम पाहता ही कंजुषी अनाठायी होती. मात्र येथे तपास धनंजय करी आणि वाचक त्याच्या मागून चाले, तर इन्फोकॉमच्या खेळात वाचकालाच तपास करावा लागे, हा दोहोंतील खरा भेद आहे.

यंत्र मुंबईत नव्हते असेही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात पीडीपी-१०च्याच कुळातील डेक-१० संगणक बसवला गेला होता, परंतु तो संशोधनासाठी होता आणि गिरगावच्या वाचकाचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते. 'डेडलाइन' बाजारात आला त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ज्या घरांत पगारच थांबला, तेथे संगणकाचा विचारही संभवत नव्हता. १९८४च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यातील 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. अर्नाळकरांना जो मान समीक्षकांनी नाकारला, तो संसदेने आज्ञावलीला विनासायास दिला, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

तरीही निर्णायक अडचण पैशाची नव्हे, लिपीची आणि व्याकरणाची होती. या खेळांचा गाभा म्हणजे 'पार्सर', अर्थात टंकलेल्या वाक्याची फोड करून त्यातील क्रिया व वस्तू ओळखणारा आज्ञावलीचा भाग. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आरंभी येते आणि वस्तूचे नाव रूप न बदलता त्यामागे येते, म्हणून ही फोड तुलनेने सोपी ठरते. 'किल्लीने दार उघड' किंवा 'दिव्यात तेल घाल' या आज्ञांत क्रियापद शेवटी असते, 'दिवा'चे सामान्यरूप 'दिव्या' होते आणि त्याला विभक्तीचा प्रत्यय चिकटतो. अशी रूपे ओळखणारा पार्सर रचणे अशक्य नव्हते, पण त्याआधी अक्षरे यंत्रात साठवण्याची सर्वमान्य पद्धत हवी होती. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने वैयक्तिक संगणकावर देवनागरी आणली. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाली. तोवर इन्फोकॉमचे केंब्रिज येथील कार्यालय बंद होऊन दोन वर्षे उलटली होती.