फोटॉनिक्सच्या प्राध्यापकाची निवड : पद, प्रयोगशाळा आणि गुणांक

विद्यापीठातले कोणतेही प्राध्यापकपद भरताना कागदावरचा क्रम एकच असतो: पदमान्यता, बिंदुनामावली, जाहिरात, छाननी, मुलाखत, नियुक्तिपत्र. मराठीच्या किंवा शुद्ध गणिताच्या प्राध्यापकांना रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात कामाला लागता येते. फोटॉनिक्सच्या प्राध्यापकांना आधी अंधारी खोली लागते, कंपने शोषून घेणारे जड टेबल लागते, अंशाभरापेक्षा जास्त न हलणारे तापमान लागते आणि मग लेसर लागतो. एवढे उभे राहीपर्यंत दोन वर्षे सहज निघून जातात. त्यामुळे या विषयातली ज्येष्ठ नियुक्ती हा मुळात प्रयोगशाळेविषयीचा निर्णय आहे आणि तो जाहिरात निघण्याआधी व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे त्याची चर्चा बहुधा माणूस रुजू झाल्यावर सुरू होते.

प्रकाश निर्माण करणे, त्याला वाट दाखवणे, त्यावर माहिती चढवणे आणि शेवटी तो टिपणे, या सगळ्याचे शास्त्र म्हणजे फोटॉनिक्स. महाराष्ट्राला त्याची निकड आज कधी नव्हती एवढी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण धावणार आणि भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका बदल मोजला जाणार. त्याच महिन्यात ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनलाही मान्यता मिळाली. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला तर ऑप्टिकल फायबर कारखान्यात तयार होते. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. उद्या या परिसरातल्या एखाद्या राज्य विद्यापीठाने फोटॉनिक्सचे एक प्राध्यापकपद काढायचे ठरवले, तर ते कसे भरावे? हे विवेचन तेवढ्याच प्रश्नापुरते आहे.

पहिला विचार पात्रतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० शोधनिबंध, १० वर्षांचा अध्यापनाचा किंवा समकक्ष संशोधनाचा अनुभव, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि किमान १२० संशोधन गुणांक अशा अटी आहेत. विज्ञान-अभियांत्रिकीत प्रत्येक शोधनिबंधाला मूळ ८ गुण मिळतात आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार ५ ते ३० गुणांची भर पडते. लेखक दोनपेक्षा जास्त असले तर प्रमुख लेखकाला त्यातले ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के.

हे गणित एकदा मांडून पाहावेच. इम्पॅक्ट फॅक्टर १० च्या वर असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाचे ३८ गुण होतात. त्यात सहलेखक असलेल्याच्या वाट्याला ११.४ येतात. असे दहा निबंध असले तरी बेरीज ११४, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडेच. आता इम्पॅक्ट फॅक्टर १ पेक्षा कमी असलेल्या नियतकालिकात एकट्याने लिहिलेला निबंध घ्या. त्याचे १८ गुण. असे सातच निबंध १२६ वर पोचवतात. निबंधांची संख्या दहावर नेली की हे कलम निकालात निघाले. फोटॉनिक्समध्ये एक जण चिप आखतो, दुसरा ती क्लीन रूममध्ये बनवतो, तिसरा मापनाची मांडणी उभारतो, चौथा सिद्धान्त लिहितो. लेखकांच्या यादीत सात-आठ नावे असणे हे इथल्या चांगल्या कामाचे नेहमीचे रूप आहे. मापनाची मांडणी उभारणारा माणूस यादीत मधोमध सापडतो आणि नव्या प्रयोगशाळेला नेमका तोच हवा असतो.

प्रकल्पांचे गुण देण्याची रीतही अशीच. १० लाखांहून मोठा प्रकल्प पूर्ण केला की १० गुण, मग तो ११ लाखांचा असो की ५ कोटींचा. चांगल्या फेम्टोसेकंद लेसर प्रणालीची किंमत कोटीच्या घरात जाते. कोट्यवधींची यंत्रणा मागवून, बसवून, वर्षानुवर्षे चालती ठेवणे ही वेगळी क्षमता आहे. तक्त्यात तिचा रकानाच नाही. पात्रतेची अट म्हणून गुणांक असायला माझी हरकत नाही. मनमानीला त्याने काही प्रमाणात आळा बसतो. पण १२० ची अट पार केलेल्यांमध्ये डावे-उजवे ठरवताना पुन्हा त्याच बेरजेकडे पाहणे घातक आहे. छाननीनंतर गुणांकाचा कागद बाजूला ठेवावा आणि प्रत्येक उमेदवाराकडून एकच टिपण मागवावे: आपल्या सर्वांत महत्त्वाच्या पाच निबंधांत आपण स्वतः नेमके काय केले? शक्य तिथे सहलेखकांकडून त्याची खातरजमा करावी. परदेशी विद्यापीठांत ज्येष्ठ पदासाठी गोपनीय अभिप्रायपत्रे मागवतात ती याचसाठी.

अनुभवाच्या अटीबद्दल चार्ल्स काओ यांचे उदाहरण बोलके आहे. काचेच्या धाग्यातून दूरवर संदेश पाठवता येईल, त्यासाठी काचेतली अशुद्धी काढून प्रकाशाची घट दर किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणली पाहिजे, हे काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. काओ तेव्हा इंग्लंडमध्ये हार्लो इथे एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. १९७० मध्ये त्यांना हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक्स विभाग उभारायला बोलावले. प्राध्यापकीची कारकीर्द नसलेल्या माणसाच्या हाती विभाग द्यायला त्या विद्यापीठाने मागेपुढे पाहिले नाही. पुढे काओ उद्योगात परत गेले, १९८७ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नोबेलची गोष्ट तूर्त सोडून देऊ. नियुक्ती झाली तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. दिसत होते ते एवढेच, की या माणसाला प्रश्न कुठे अडला आहे ते कळते आणि कारखान्यापर्यंतची वाट ठाऊक आहे. आपल्या विनियमांतही उद्योगातून येणाऱ्या, पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव असलेल्या नामवंतांसाठी स्वतंत्र कलम आहे. फोटॉनिक्सच्या जाहिरातीत ते ठळकपणे छापावे, नाहीतर उद्योगातले लोक अर्जच करणार नाहीत.

जाहिरातीचा मजकूर हा पुढचा अवघड भाग. नुसते ‘भौतिकशास्त्र, प्राध्यापक, एक पद’ असे छापले तर घनअवस्थेपासून खगोलशास्त्रापर्यंत सगळे अर्ज करतात आणि निवड समितीला आंबा आणि नारळ एकाच तराजूत तोलावे लागतात. उलट ‘सिलिकॉन नायट्राइडवरील अरेषीय प्रकाशशास्त्र’ इतके बारीक लिहिले की जाहिरात एखाद्याला डोळ्यासमोर ठेवून काढली, असा संशय येतो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पद राखीव असेल तर बारीक मजकुराने पात्र उमेदवारांची वाटच बंद होते, पद रिकामे राहते आणि ‘उमेदवार मिळत नाहीत’ असा शेरा फाइलवर पडतो. हा अन्याय आहे. उपविषय मोकळे ठेवावेत आणि क्षमता मात्र स्पष्ट मागावी, हा यावरचा उपाय. फायबर, लेसर, क्वांटम प्रकाशशास्त्र, जैवफोटॉनिक्स यांपैकी काहीही चालेल. पण शून्यातून मापनाची मांडणी उभारल्याचा पुरावा हवा आणि एम.एस्सी.च्या वर्गाला प्रात्यक्षिके शिकवण्याची तयारी हवी.

तज्ज्ञ नेमतानाही डोळ्यात तेल घालून पाहावे लागते. देशातले फोटॉनिक्सचे वर्तुळ लहान आहे. निवड समितीत बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ असतात. त्यांतला एखादा उमेदवाराचा जुना मार्गदर्शक किंवा सहलेखक निघणे सहज शक्य असते. सहलेखनाची यादी आधीच मागवली तर ही अडचण मुलाखतीच्या सकाळी उघडी पडत नाही.

मुलाखतीतल्या अध्यापनाच्या परीक्षेबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथे होते. पंधरा मिनिटे स्लाइड दाखवून आणि दोन प्रश्न विचारून शिक्षक कळत नाही. त्याऐवजी विभागातल्या सहा-सात विद्यार्थ्यांसमोर एक प्रात्यक्षिक घ्यायला सांगावे: तांबड्या हेलियम-निऑन लेसरचा प्रकाश सिंगल-मोड फायबरमध्ये शिरवून दाखवणे. दिसायला साधे, करायला कठीण. या फायबरचा गाभा जेमतेम चार मायक्रॉनचा असतो. तीन दिशांना सरकणाऱ्या स्टेजवर फायबरचे टोक बसवायचे आणि भिंगाच्या केंद्राशी जुळवायचे. स्क्रू जरासा जास्त फिरला की पलीकडचा प्रकाश गायब. विद्यार्थी झटापट करतो आणि अचानक दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो. झाले, असे त्याला वाटते. बहुतेक वेळा झालेले नसते. तो उजेड गाभ्याभोवतीच्या आवरणातून आलेला असतो.

शिक्षकाची परीक्षा या क्षणी असते. जो घाईत आहे तो स्वतः स्क्रू फिरवून मोकळा होतो. जाणता शिक्षक विद्यार्थ्याला टोकासमोर कागद धरायला सांगतो: डाग गोल आणि स्वच्छ आहे की दाणेदार, विस्कटलेला? फायबरला दोन वेढे दे, आता उजेड किती उरला? आवरणातला प्रकाश वळणावर गळतो, गाभ्यातला टिकतो, हे विद्यार्थ्याच्या हाताला कळते आणि फळ्यावर लिहिलेल्या ‘मोड’ या कल्पनेत जीव येतो. लायगोसारख्या प्रकल्पाला अशी सवय लागलेली मुले हवी आहेत. एका तासाच्या या प्रात्यक्षिकातून समितीला जे कळेल ते तीस पानांच्या बायोडेटातून कळणार नाही. विद्यार्थ्यांचे मतही घ्यावे. जर्मन विद्यापीठांच्या निवड समित्यांत विद्यार्थी-प्रतिनिधी बसतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

जर्मनीची आणखी एक पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे साधारण तीन नावांची क्रमवार यादी होते. पहिल्या नावाला बोलावणे गेले की वाटाघाटी सुरू होतात: जागा किती, उपकरणांना पैसे किती, साहाय्यक किती. लेखी उत्तर मिळाल्यावरच तो माणूस होकार देतो. आपल्या राज्य विद्यापीठात वेतन ठरलेले आहे, लेव्हल १४, सुरुवात १,४४,२०० रुपयांपासून. त्यात घासाघीस करायला जागा नाही आणि नसावीही. प्रयोगशाळेबद्दल मात्र बोलता येते. व्यवस्थापन परिषदेने जाहिरातीआधीच खोली, पहिल्या तीन वर्षांचा निधी आणि एक कायम तंत्रसहायक मंजूर करून ठेवावा. खोली तळमजल्यावरची हवी, कारण वरच्या मजल्यावर जिन्यातली वर्दळसुद्धा व्यतिकरणाच्या पट्ट्या हलवते. वीज अखंड हवी. आर्द्रतेवर ताबा हवा, नाहीतर पावसाळ्यात भिंगांच्या लेपावर बुरशी चढते. मराठवाड्यात त्यात उन्हाळ्याची धूळ. आणि यंत्र एकदा बंद पडले की दुरुस्तीची निविदा, परदेशी अभियंत्याची वाट, सुटा भाग सोडवणे यांत सेमिस्टर जाते. वार्षिक देखभालीची तरतूद खरेदीच्या दिवशीच करावी लागते. एकच गोष्ट निवडायची झाली तर मी तंत्रसहायक निवडेन.

आठवड्याला १४ तासांच्या अध्यापनाचा नियम आहे. पहिल्या दोन वर्षांत त्यातला मोठा भाग प्रात्यक्षिकांच्या स्वरूपात मोजला तर प्रयोगशाळा उभारणे आणि शिकवणे ही दोन्ही कामे एकाच टेबलावर होतील. पन्नाशीच्या माणसाने गाव बदलायचे म्हणजे जोडीदाराच्या नोकरीचा, मुलांच्या बारावीचा आणि मागे अर्धवट राहणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा प्रश्न येतो. विद्यापीठाने हे आपणहून विचारावे. संकोचाने न विचारल्यामुळे चांगली माणसे शेवटच्या आठवड्यात नकार कळवतात.

आता वयाचा हिशेब. पन्नासाव्या वर्षी आलेले प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होणार असतील, तर पहिली दोन वर्षे उभारणीत जातात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नवे पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाहीत. मध्ये पाचच वर्षे उरतात. एवढ्यासाठी कोट्यवधी घालायचे तर त्यांच्या मागे कोण, हे त्यांना नेमतानाच ठरायला हवे.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात ते घडले. लांबीभर बारीक छिद्रांची जाळी असलेले फोटॉनिक क्रिस्टल फायबर फिलिप रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउदॅम्प्टनला प्रथम बनवले. १९९६ मध्ये रसेल बाथला आले; जोनाथन नाइट आणि टिम बर्क्स हे त्यांचे सहकारीही बाथला आले. २००५ मध्ये रसेल जर्मनीत एर्लांगेनला गेले. नाइट आणि बर्क्स बाथलाच राहिले आणि फायबरचे काम तिथे चालू राहिले. आपल्या पद्धतीत प्राध्यापकांना सहकारी बरोबर घेऊन येता येत नाही. प्रत्येक पदाची जाहिरात स्वतंत्र. पण प्राध्यापकपदाच्या मान्यतेबरोबरच त्याच विषयातल्या दोन सहायक प्राध्यापकपदांची मान्यता घेता येते आणि ती जाहिरात प्राध्यापक रुजू झाल्यावर सहा महिन्यांत काढता येते. बिंदुनामावली तपासून घेण्याचे काम एकदाच होते, तीनही पदांना मिळून.